मिस्त्रींचा खडा कसा पडला

तुंबलेला पाइप भिंत न फोडता मोकळा करावा तर मिस्त्रींनीच. मोरीच्या तोंडातून लांब तार आत सोडायची, अडकलेला गोळा फिरवून फिरवून मोडायचा आणि पाण्याबरोबर बाहेर काढायचा. "भिंत फोडतो तो गवंडी, वाट शोधतो तो प्लंबर," हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. एवढ्या हुशार माणसाचा स्वतःचा पाइप तुंबला तेव्हा ती हुशारी कुठे गेली, हे एकट्या बायकोला माहीत. सारी गल्ली तिला वहिनी म्हणायची.

खडा मूत्रपिंडातून सुटून खालच्या नळीत अडकला होता. मिस्त्री फरशीवर गडबडा लोळले, गेलेल्या आईला हाका मारून झाल्या, मग इस्पितळात आले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "पोट कापायचं नाही, एकही टाका नाही. लघवीच्याच वाटेने बारीक दुर्बीण वर न्यायची, लेसरने खडा फोडायचा आणि चुरा बाहेर काढायचा."

आता हे मिस्त्रींचंच काम की नाही? पण 'लघवीच्या वाटेने' म्हटल्यावर गड्याचा चेहरा पडला. त्यात करणार एक बाई! जन्मभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांत तार घालणाऱ्याला आपली मोरी मात्र सोवळ्यातली वाटत होती. तेवढ्यात पुन्हा कळ आली आणि सगळी मर्दुमकी चादरीत तोंड खुपसून "लवकर करा हो" म्हणाली.

झालं, खडा गेला. घरी येताना टॅक्सीतच त्यांनी वहिनीला दम भरला.

"कुणाजवळ बोलायचं नाही. खडा आपोआप पडला. जवाचं पाणी प्यालो आणि पडला."

"तुम्ही जवाचं पाणी कधी प्यालात?"

"आता पितो."

प्यालेही. साखर घालून. आणि मग जे शहाणपण पाजळायला सुरुवात केली, त्याला तोड नाही. दुकानात, कट्ट्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत मान अडकलेली असतानासुद्धा एकच प्रवचन. डॉक्टर म्हणजे लुटारू, दुर्बिणी म्हणजे थोतांड, जव म्हणजे अमृत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वहिनी पदराआड हसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, कुणाचं काय बिघडतंय, असं तिला वाटायचं.

बिघडलं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. मिस्त्रींचा धाकटा भाऊ तिकडे मालाची व्हॅन चालवायचा. दादाने दिवसाला रात्र म्हटलं तर हा दिवा लावायला उठणारा. एके सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला, तापाने फणफणलाय, इस्पितळात आणलाय म्हणून. मिस्त्री आणि वहिनी तिकडे धावले. खाटेवर धाकटा पिवळाफटक पडला होता आणि उशाशी त्याच डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"खडा सापडला तेव्हाच दुर्बिणीने काढू म्हटलं होतं ना तुम्हाला?" त्या धाकट्याला विचारत होत्या. "इतके महिने कुठे होतात?"

"जवाचं पाणी घेत होतो. दादाने फोनवर सांगितलं होतं. आणि गुण आला की! दुखायचं थांबलं."

"दुखायचं थांबलं, कारण त्या बाजूचं मूत्रपिंड काम करेनासं झालं. आता आत पू झालाय. आज पाठीतून नळी घालून तो काढू, ताप उतरला की खडा फोडू. मूत्रपिंड वाचेल असं मात्र मी सांगू शकत नाही."

धाकट्यालाही खडा आहे आणि नवऱ्याने त्याला जव पाजलेत, हे वहिनीला आजच कळत होतं. धाकटा मात्र दादाकडे बघून चक्क हसला.

"दादा, तू सांग ना यांना. तुझा पडला तसा माझाही पडेल. थोडे दिवस थांबू."

डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रींना ओळखलं, पण पेशंटची गोष्ट त्याच्या वतीने सांगायची नाही म्हणून गप्प राहिल्या. मिस्त्रींनी घसा खाकरला.

"प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते," ते म्हणाले.

वहिनीला त्या क्षणी नवऱ्याची किळस आली. सख्खा भाऊ मरणाच्या दारात, आणि हा अजून अब्रूची गाठ सोडायला तयार नाही!

"कसली प्रकृती?" ती कडाडली. "भावजी, ह्यांचा खडा पाण्याने पडलेला नाही. ह्याच बाईंनी, ह्याच इस्पितळात, खालून दुर्बीण घालून फोडला. लाज वाटली म्हणून थाप मारली ह्यांनी."

मिस्त्री बुटांकडे बघत राहिले.

"दुखतं का रे ते?" धाकट्याने विचारलं.

"नाही. भूल देतात. काही कळत नाही."

"आणि मग?"

"मग काय... दोन-तीन दिवस लघवीला जळजळ."

"एवढंच?"

"एवढंच."

धाकट्याने संमतीच्या कागदासाठी डॉक्टरीणबाईंकडे हात पुढे केला. सही करताना दादाकडे न बघताच तो म्हणाला, "सांगायचं होतंस. हसलो असतो थोडा. मग मीही करून घेतलं असतं."