उत्तर मागच्या बाजूला

माझ्या मावशीची लाँड्री आहे. मावशी कपडे धुते, काका इस्त्री करतात आणि मी काउंटरवर बसून पावत्या फाडते. वर्ष संपत आलं होतं तेव्हा ग्रंथालयाच्या बाई कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आल्या. प्रत्येक दुकानाने सैनिकांना आभाराची आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छांची कार्डं लिहायची, असं ठरलं होतं.

"चार ओळी मनापासून लिहा," बाई म्हणाल्या. "सुचलं नाही तर हा नमुना आहे. 'तुम्ही जागता, म्हणून आम्ही निवांत झोपतो.'"

बाईंची पाठ वळताच मावशी फिस्कारली. "ते बिचारे तिकडे थंडीत कुडकुडतायत, आणि आम्ही इकडे मजेत घोरतोय म्हणून कळवायचं? आभार आहेत की जखमेवर मीठ?"

"मग काय लिहिणार?" मी विचारलं.

"आभार तर मानायचेच. पण पुढे असं काहीतरी, की त्यांचा वेळ जाईल. कोडं घालू!"

मशीन घरघरत होतं, त्याच्याच ठेक्यावर मावशीने कोडं जुळवलं:

शोधलं तर सापडत नाही,
सोडलं तर पायात येतं,
सगळ्यांचं डोकं खातं,
तरी त्याच्यावाचून अडतं!

सगळ्या कार्डांवर आम्ही दोघींनी हेच लिहिलं. खाली मावशीने ऐटीत टाकलं, 'उत्तर मागच्या बाजूला.' शाई वाळल्यावर काकांनी मागच्या बाजूला दुकानाचा शिक्का मारला: 'चकाचक लाँड्री', खाली फोन नंबर. गठ्ठा गेला. आम्हीही विसरलो.

नवं वर्ष लागलं आणि एका दुपारी फोन वाजला.

"चकाचक लाँड्री का? मी कॅप्टन बोलतोय, डोंगरावरच्या चौकीवरून." मागे बराच गलका चालला होता. "कोडं घालणाऱ्या बाई आहेत का?"

मी स्पीकर लावला. मावशी ओल्या हातांनी धावत आली.

"बाई, तुमच्या कार्डाने माझ्या चौकीत दोन तट पडलेत," कॅप्टन म्हणाला. "उत्तर मागे आहे म्हणता, आणि मागे लाँड्री! अर्धे म्हणतात, लाँड्री हेच उत्तर. अर्धे म्हणतात, लाँड्री पायात कशी येईल? स्वयंपाकी आणि वायरलेसवाला तर एकमेकांशी बोलत नाहीत. एकदा काय ते सांगून टाका."

मावशीने फोनवर हात ठेवला. "अगं, उत्तर काय होतं?"

"मला काय माहीत? कोडं तू केलंस!"

"मी जुळवलं. उत्तराचं नंतर बघू म्हटलं होतं."

काका इस्त्री उभी करून आमच्याकडे बघत राहिले. मावशीने हात काढला. "साहेब, खोटं कशाला बोलू? उत्तरच नाहीये."

 पलीकडे असा हशा फुटला की काउंटरवरच्या टाचण्या थरथरल्या.

"मग असं करा," कॅप्टनला हसू आवरत नव्हतं. "आमची पोरं उत्तरं देतील, तुम्ही निकाल द्या."

"मांजर!" कोणीतरी ओरडलं.

"मांजरावाचून काय अडतं रे?" मावशी एकदम परीक्षकाच्या आवाजात. "बाद!"

"नेटवर्क!"

"ते पायात कसं येईल?"

"वायर येते ना!"

"वायरीला वायर म्हणावं. बाद!"

"झुरळ!" यावर स्वयंपाकी इतका भडकला, की कॅप्टनला मध्ये पडावं लागलं. आम्ही तिघं पोट धरून हसत होतो. काउंटरपाशी उभं असलेलं एक गिऱ्हाईक सूट न्यायचं विसरून "चष्मा विचारा, चष्मा!" म्हणून मला ढोसत होतं.

तेवढ्यात एक कोवळा आवाज आला. "शेंडेफळ?"

मावशी थबकली. एकेक ओळ बोटावर मोजत पुटपुटली. लपाछपीत सापडत नाही. मोकळं सोडलं की पायात येतं. डोकं खातं. आणि अडतं तर काय, घरच अडतं!

"अगं बाई!" ती किंचाळली. "हेच! शंभर टक्के हेच! कोणी सांगितलं?"

"मी. मीच आहे आमच्या घरचं शेंडेफळ."

"आणि आमच्याही चौकीचं!" चारपाच जण एकदम ओरडले.

"डोकं खातो हे खरं," कॅप्टन म्हणाला. "त्याच्यावाचून अडतं की नाही, ते बघावं लागेल. बक्षीस काय, बाई?"

"सुट्टीवर आला की युनिफॉर्म धुऊन, कडक इस्त्री करून देईन. फुकट!"

महिन्याभराने दारात एक काटकुळा तरुण उभा राहिला. पाठीवर त्याच्याहून रुंद पिशवी. "मावशी, मी शेंडेफळ," म्हणाला, आणि काउंटरवर पिशवी उपडी केली. युनिफॉर्मचा डोंगर! प्रत्येकाच्या कॉलरला नावाची चिठ्ठी टाचलेली.

"अरे, बक्षीस तुझ्या एकट्याला होतं ना?"

"हो. पण कोणाचा युनिफॉर्म ते तुम्ही कुठे म्हणालात?"

मावशीने कमरेवर हात ठेवले. रागवायला तोंड उघडलं, आणि फस्सकन हसू बाहेर पडलं. काका एरवी दिवसात चार शब्द बोलतात. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "उभा काय राहिलास? पँटच्या घड्या घालता येतात का?"

येत नव्हत्या. काकांनी शिकवल्या. दोन्ही मशीन गरगरत होती, वाफेने आरसा धुरकटला होता. गिऱ्हाईक आलं की मावशी आधी शेंडेफळाची ओळख करून द्यायची, मग कपडे घ्यायची. संध्याकाळी ग्रंथालयाच्या बाई चादर टाकायला आल्या, तर मावशीकडून कार्डांची सगळी कथा ऐकलेला तो त्यांनाच विचारू लागला, "बाई, तो झोपेचा नमुना तुमचाच ना? आमच्याकडे दुसऱ्या दुकानांतून तीच ओळ सतराशे साठ वेळा आलीय."

बाई लाजल्या, चादर बाजूला ठेवली, आणि आमच्यात बसून शर्टांची बटणं लावू लागल्या.