पदरावरला राघू

सुमेधाताईंनी सुई कापडात टोचून ठेवली, नखाच्या टोकाने धागे पुन्हा एकदा मोजले आणि भिंग खाली ठेवलं. सोळा. मघाशीही सोळाच आले होते. पदरावरच्या गोपुरांची डावी रांग मधल्या तुळशीवृंदावनाला येऊन टेकायला हवी होती, ती सोळा धागे अलीकडेच संपली होती. काळ्या कापडावर करंगळीच्या नखाएवढी जागा नुसती काळीच उरली होती.

"अगं बाई" असं ओठांपर्यंत आलं होतं, ते त्यांनी गिळलं. आजचे टाके तीनशे एकोणचाळीसच झाले होते. हजार आठ होईपर्यंत त्या बोलत नसत.

हा नेम चंद्रकळेचं काम घरी आलं त्या दिवसापासूनचा. ठाण्याच्या एका वस्त्रसंग्रहात सव्वाशे वर्षांपूर्वीची काळी चंद्रकळा होती. पदर सगळा रेशमी कशिद्याने भरलेला, पण कापड इतकं विरलेलं की बोट लावायची सोय नाही. तिची हुबेहूब प्रत हवी होती, लोकांना हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघता येईल अशी. गडहिंग्लजला आईच्या हाताखाली शिकलेला टाका सुमेधाताईंच्या बोटांत अजून शाबूत होता. या कामात गाठ मारत नाहीत. सुई जाताना एक टाका घालते आणि एक जागा सोडते, परत येताना सोडलेल्या जागा भरत येते. त्यामुळे कापडाला उलटी बाजू अशी राहतच नाही.

इतकं जुनं, सौभाग्याचं वस्त्र पुन्हा घडवायचं, ते नुसतं काम म्हणून करणं त्यांच्या मनाला पटेना. म्हणून रोज पूजा आटोपली की एक हजार आठ टाके, दर टाक्याला अंबाबाईचं एक नाव, आणि तोवर मौन. बेलाची लाखोली वाहतात, तसे त्या टाके वाहत होत्या. दुपारी दोनच्या सुमाराला मौन सुटायचं. सुटायचं खरं, पण डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत बोलायला होतं कोण? यजमानांना जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी मेलबर्नला. कधी कधी दिवसाचा पहिला शब्द संध्याकाळी भाजीवाल्यापाशी "पाव किलो" असा निघायचा, आणि तो आवाज आपलाच का, असं त्यांना वाटून जायचं.

त्या दिवशी हजार आठ पुरे करूनच त्यांनी संग्रहाकडून आलेला आराखड्याचा कागद काढला. रोज जिथे सुई थांबे तिथे त्या पेन्सिलीने तारीख घालत. मागे मागे मोजत गेल्यावर नवव्या गोपुराच्या पाचव्या पायरीवर बोट थांबलं. चार टाके पडलेच नव्हते. तारीख बावीस दिवसांपूर्वीची.

तारीख बघताच त्यांना सगळं आठवलं. त्या सकाळी बेल वाजली होती. दारात शेजारच्या केशरबाई. मूळच्या कोलशेतच्या, सत्तरीच्या, तोंडाने फटकळ. एरवी त्या हातात वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत यायच्या. "ताई, विरजन द्या. आमचा दही आज परत रुसला." त्यांच्या घरी दही रोज रुसायचं. दोन वाक्यांसाठी आलेली बाई तासभर बसायची, आणि वाटी परत करताना कधी चिमूटभर साखर, कधी सुकी बोरं, काही ना काही त्यात असायचंच. रिकामं भांडं परत देऊ नये, हे त्यांच्या अंगी मुरलेलं.

त्या दिवशी मात्र हातात वाटी नव्हती. आत आल्याही नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. सुमेधाताईंनी ओठांवर बोट ठेवलं, आत गेल्या, आपल्याच वाटीत दही घालून आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. केशरबाई थोडा वेळ वाटीकडे बघत राहिल्या आणि गेल्या.

आणि त्या वेळी नाम थांबलं नव्हतं. हे आता लक्षात येत होतं. फ्रिजपर्यंत एक, वाटी घेताना दोन, दार लावेपर्यंत चार. जिभेने चार नावं पुढे नेली, सुई होती तिथेच राहिली. परत बसताना सुमेधाताईंनी जिभेवरचाच आकडा पुढे धरला, आणि चार टाके राहून गेले.

संध्याकाळी धुतलेली वाटी पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवलेली मिळाली. रिकामी. मौनाचा राग आलेला दिसतोय, असं म्हणून त्यांनी ती मांडणीवर ठेवून दिली होती. त्यानंतर पंधरा दिवस शेजारच्या दाराला कुलूप दिसलं, मग ते निघालं, पण विरजण मागायला कोणी आलं नाही.

उसवायचं म्हटलं तर बावीस दिवसांचं काम उसवावं लागणार होतं. दसऱ्याला प्रदर्शन, मध्ये चाळीस दिवस, आणि तेवढे तर उजव्या रांगेलाच लागणार. बरं, दिवस मिळाले असते तरी उसवायचं कसं? देवाला वाहिलेलं फूल उचलून कोणी परत परडीत टाकतं का? आणि न उसवावं तर हुबेहूब म्हणून जे लोकांपुढे जाणार ते खोटं. त्या रात्री त्यांनी कापड देवापाशी ठेवलं आणि न जेवताच झोपल्या.

सकाळी त्या ठाण्याच्या बसमध्ये बसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदाच नेम दुपारवर गेला होता.

"अहो ताई, फोटो पाठवला असतात तरी चाललं असतं," संग्रहाचं काम बघणारी योगिनी म्हणाली. तिशीची, गळ्यात ओळखपत्र, हातात कायम मोबाइल. "एवढ्या लांब कशाला आलात?"

"मूळ पदर बघायचाय मला. दोन्ही बाजूंनी."

योगिनीने हातमोजे चढवले आणि लांबरुंद खण ओढला. मलमलीची घडी उघडली. आधी एकदाच, तेही काचेआडून, सुमेधाताईंनी हे बघितलं होतं. आता भिंग घेऊन त्या वाकल्या. डावी रांग वृंदावनाला चोख टेकलेली होती. त्यांनी सुस्कारा सोडला. म्हणजे चूक आपलीच. मग सवयीने भिंग उजवीकडे सरकलं आणि तिथेच राहिलं.

उजवी रांग टेकलेली नव्हती. मध्ये फट होती, आणि त्या फटीत एक इवलासा हिरवा राघू बसवलेला होता. वृंदावनाकडे तोंड करून.

"हा कागदावर नाही."

"कुठला? हां, तो." योगिनी जवळ आली. "ड्रॉइंग करताना क्लीन केला ना तो. एरर वाटला आम्हाला. अख्ख्या पदरावर दुसरा पोपट कुठेच नाहीये, बघा तुम्ही. सिमेट्री पण जाते त्याने."

सुमेधाताई धागे मोजत होत्या. बारा. तीन टाके. मागे मोजत गेल्या. उजवीकडचं सातवं गोपूर, एक पायरी तोकडी.

"उठली असेल," त्या हळूच म्हणाल्या.

"कोण?"

"जिने हे केलं ती. दाराशी कोणी आलं असेल. परत येऊन बसली आणि मोजणीत चुकली."

योगिनीला हसू आलं, पण सुमेधाताईंचा चेहरा बघून तिने ते आवरलं. मग सुमेधाताईंनी आपली सोळा धाग्यांची गोष्ट सांगितली, काही न लपवता.

"एवढंच ना? कोणाला कळणारे ताई? कोण मोजत बसणारे?"

"तिलाही असं म्हणता आलंच असतं. पण तिने झाकलं नाही. पक्षी आणून बसवला."

योगिनी भिंग घेऊन राघूवर वाकली. "उजवीकडचा घालाच मग. मूळचा आहे तो, आम्हीच उडवला," ती म्हणाली. "आणि डावीकडे तुमचा घाला. खाली पाटीवर लिहीन मी तसं, की हा प्रतीतला आहे. लपवायचं नाही काही."

घरी परतल्यावर त्यांनी आधी हात-पाय धुतले, हिरवं रेशीम ओवलं आणि सोळा धाग्यांच्या जागेत राघू बसवला. संध्याकाळ झाली तरी हजार आठ पुरे व्हायला बरेच टाके बाकी होते. सुई टोचून ठेवून त्या उठल्या, मांडणीवरची वाटी घेतली आणि शेजारची बेल वाजवली.

केशरबाईंनी दार उघडलं. वाटीकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"आज तोंडाचा कुलूप उघारला वाटता."

"विरजण हवंय थोडं."

"तुमच्या घरचा दही कवापासून रुसाया लागला?"

सुमेधाताईंनी वाटी तशीच पुढे धरली. केशरबाई दारातून बाजूला झाल्या, तशा त्या आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या. समोर टीव्हीशेजारी एक नवा फोटो होता. डोक्याला टोपी, मिशीत हसणारा म्हातारा. चंदनाचा हार अजून कोरा करकरीत.

"हे कोण?"

"धाकू. माझा दीर. मी लगीन करून आली तवा सा वर्सांचा होता, माझ्याच ताटात जेवायचा." केशरबाईंनी पदराने फोटोची काच पुसली, तिच्यावर धूळ नव्हती तरी. "त्या दिवशी कोलशेतवरना फोन आला, धाकू गेला म्हनून. पोरगा ड्यूटीवर. घरात कोन नाय. म्हनून तुमच्या दारात आली."

"मला सांगायचं होतंत ना…"

"तुमचा देवाचा काम चालू. आनि मी सुतकातली. उंबऱ्याच्या आत कशी येऊ? तुमी दही दिलाव, मी घेतला. दिलेला नाय कसा म्हनू?"

उंबरा. रिकामी वाटी. सुतकाच्या घरातून काही द्यायचं नसतं, हे केशरबाईंनी पाळलं होतं, आणि जन्मभर सोवळं-ओवळं सांभाळणाऱ्या सुमेधाताईंना ते कळलं नव्हतं. हातातली वाटी त्यांनी मांडीवर उपडी केली, पुन्हा सुलटी केली.

"सांगा मला," त्या म्हणाल्या. "लहानपणी कसा होता?"

केशरबाईंनी आधी दिवा लावला, मग सांगायला बसल्या. पलीकडे कापडात सुई तशीच टोचलेली होती. तीन महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदाच हजार आठ झाले नाहीत.

महिनाभरानंतर उजव्या रांगेतलं सातवं गोपूर आलं. ज्या पायरीवर तीन टाके सोडायचे होते तिथे सुमेधाताई सकाळी साडेनऊला पोचल्या. ते नुसतेच मोजून सोडता आले असते. त्यांनी सुई टोचून ठेवली, उठल्या, दाराची कडी काढून दार सताड उघडं केलं आणि तीन नावं होईपर्यंत उंबऱ्यात उभ्या राहिल्या. बेल अजून कोणी वाजवली नव्हती.