डावीकडचा राजा

माझ्या डोक्यावरचे केस मला सोडून गेले त्याला बराच काळ लोटला, तरी मी रोज सकाळी सलूनमध्ये जाऊन बसतो. कापायला काही नसलं तरी बोलायला असतंच. तेव्हा पुढची हकीकत मी बाकावर बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. मधे जिथे डुलकी लागली तिथे थोडी पदरची भर घातली आहे, पण ती कुठे ते तुम्हाला ओळखू येणार नाही, याची हमी देतो.

आमच्या सलूनवाल्याच्या हातात कसब आहे, पण बुद्धिबळात तो पक्का कासव. राजाभोवती घोडे, उंट, प्यादी अशी खच्चून उभी करायचा की राजाला हवाच मिळायची नाही. शत्रूने मारण्याआधी तो गुदमरूनच मरायचा.

त्याला मारणारे शत्रू म्हणजे त्याचे सासरे. उभी हयात त्यांनी बस चालवली. मिशा अशा भरदार, की बसमध्ये गर्दी झाली की उरलेले प्रवासी मिशीला धरून उभे राहायचे, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच, पण ते असो. तर हे सासरे बुद्धिबळही बस चालवल्यासारखं खेळायचे. हॉर्न देत, सरळ आत.

जावयाला हरण्याचं दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं. सासरे केस कापायला समोरच्या सलूनमध्ये जायचे! जावयाच्या दारात थांबायचे, आत बघून हात हलवायचे आणि रस्ता ओलांडायचे.

"पटावर ज्याचा हात थरथरतो, त्याच्या वस्तऱ्याखाली मी मान द्यायची?" ते म्हणायचे. "जावईबापू, तुमचा पाय कायम ब्रेकवर. मला एकदा हरवा, त्याच दिवशी तुमच्या खुर्चीत येऊन बसतो."

गिऱ्हाइकं तरी गप्प बसतील? "काय हो, घरचाच माणूस समोर जातो?" असं विचारलं की आमच्या सलूनवाल्याची कात्री हवेतच दोन-तीनदा चालायची आणि मान खाली जायची.

तशात धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं. लग्नाआधी सासरे केस कापणार, आणि तेही समोर! सगळे सोयरे आलेले असताना! सलूनवाल्याने त्या दिवशी ठरवलं की आता बास, हल्ला शिकायचा.

शिकवायला होता फोनमधला मास्तर. घोगऱ्या आवाजाचा. त्याचे व्हिडिओ सगळे हल्ल्याचेच. "मंडळी, उंटाचा बळी द्या, राजाला उघड्यावर आणा, मग घोडा, मग वजीर, आणि मात!" आधीचा एक फोन आरशापुढच्या फळीवर पावडर खाऊन मेला होता, म्हणून नवा फोन त्याने मागच्या भिंतीवर, आम्हा बाकावरच्यांच्या डोक्यावर टांगला. आणि आरशाकडे तोंड करून कामही चालू, शिक्षणही चालू.

गिऱ्हाइकांचे मात्र हाल. मास्तर मधेच म्हणायचा, "इथे व्हिडिओ थांबवा आणि खेळी शोधा." की झालं, कात्री थांबली. गिऱ्हाईक चादरीत अडकलेलं, अर्धं डोकं भादरलेलं, अर्धं जंगल. एक शिंपी तर कंटाळून तसाच उठून गेला. आठवड्याभरात पाच-सहा पोरं येऊन म्हणाली, "आम्हालाही तसाच कट मारा." आता यात माझी भर किती, ते विचारू नका.

मग सासऱ्यांशी डाव झाला. सासरे नेहमी मोठ्या मनाने पांढरी मोहरी, म्हणजे पहिली खेळी, जावयाला द्यायचे. सलूनवाल्याने मोहरी मांडली. सासरे ओरडले, "अहो, राजा-वजीर उलटे मांडलेत! लग्नाच्या आधीच घरात भांडण लावता काय?" आणि स्वतःच्या हाताने अदलाबदल केली.

खेळ सुरू झाला. आमचा कासव खरंच उठला! उंट उचलला आणि डाव्या कोपऱ्यातल्या प्याद्यावर असा आदळला की पट हलला. सासरे दचकले. मग त्यांनी पटाकडे नीट पाहिलं. त्यांचा राजा उजव्या कोपऱ्यात शांत बसला होता. डावीकडे हत्तीशिवाय कोणी नव्हतं. हत्तीने उंट मुकाट गिळला.

"बळी दिलात, पण कोणाला?" सासरे म्हणाले.

दुसऱ्या डावात घोडा डावीकडे गेला, तिसऱ्यात वजीर. राजा आपला प्रत्येक वेळी उजवीकडे. सासरे हसून हसून मिशीतच खोकायला लागले. "चला, उद्या लग्नाचे केस कापायचेत. समोरच्याला सांगून ठेवतो," म्हणत निघाले.

सलूनवाला खुर्चीत बसला, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. असं त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. "हात आपोआप तिकडेच जातो हो," मला म्हणाला. "राजा डावीकडेच असतो ना?"

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. तिने डबा फळीवर ठेवला, आरशात पाहून केस सारखे केले, आणि तिचा हात तिथेच राहिला. आरशात मागचा फोन दिसत होता. फोनमधला मास्तर शिकवत होता.

"अहो, तुम्ही हे इथूनच बघता? आरशात?"

"मग काय, काम सोडून मागे वळून बघू?"

"आरशात सगळं उलटं दिसतं! व्हिडिओत मारायचा राजा उजवीकडे आहे. तुम्हाला डावीकडे दिसतोय. अक्षरं उलटी दिसली नाहीत का कधी?"

"अक्षरं कोण वाचतंय? मी घोडा बघत होतो."

सलूनवाल्याने कपाळाला हात लावला. "गेलं! आता एका रात्रीत सुलटं कसं शिकू?"

मी म्हटलं, "डाव्या हाताने खेळून बघ." माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

बायकोने मात्र पट ओढला. एकदा आरशात बघितलं, एकदा पटावर. मग ती पटाला वळसा घालून काळ्या मोहऱ्यांच्या मागे जाऊन बसली. "इकडे या. पांढरी बाबांना दिली, तर इथून त्यांचा राजा कुठे दिसेल?"

सलूनवाला तिच्या मागे जाऊन वाकला.

"डावीकडे," तो हळूच म्हणाला.

"मग? काळी घ्या."

दुसऱ्या दिवशी सासरे रस्ता ओलांडायच्या बेतात होते, तोच सलूनवाला दारात आडवा उभा राहिला. "बाबा, एक डाव. आणि आज काळी माझी."

सासऱ्यांच्या भुवया टोपीत शिरल्या. "पांढरी घेऊन हरता, आणि काळी मागता?"

"मागत नाही. घेतोय."

सासरे आत आले. सलूनवाल्याने काळी मोहरी मांडली. राजा-वजीर जिथल्या तिथे. सासऱ्यांनी नीट तपासून पाहिलं आणि त्यांची जरा निराशाच झाली.

मग जे झालं ते बघायला समोरचा सलूनवालाही हातात वस्तरा घेऊन आला. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे राजा कोपऱ्यात नेला. काळा उंट तिरका सुटला आणि राजापुढचं प्यादं उडवून शह देऊन बसला. सासऱ्यांनी तो उंट मारला. घोडा आला, परत शह. राजा मागे सरला. मग वजीर येऊन अशा जागी उभा राहिला की माझ्या टकलावर घाम फुटला. सलूनवाल्याचा हात जराही हलत नव्हता. सासरे मिशी पिळत राहिले, पिळत राहिले. मिशीची दोरी झाली, पण राजाला घर सापडलं नाही.

"मात," सलूनवाला म्हणाला, आणि स्वतःच घाबरून मागे सरकला.

सासरे पटाकडे बघत राहिले. मग उठले. टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली, समोरच्याला म्हणाले, "तू जा रे बाबा, तुझं गिऱ्हाईक अर्धवट राहिलं असेल," आणि जाऊन खुर्चीत बसले.

लेकीने दारातून हे पाहिलं आणि पदराने डोळे पुसत, डबा विसरले म्हणत परत गेली. डबा तिच्या हातातच होता.

सलूनवाल्याने चादर बांधली. केस कापले. मानेवर साबण लावला, वस्तरा उघडला. सासऱ्यांनी डोळे मिटले, मान पुढे टाकली आणि चक्क घोरायला लागले. वस्तरा चालत होता. मागे भिंतीवर मास्तरचं चालूच होतं.

"मंडळी," मास्तर म्हणाला, "इथे व्हिडिओ थांबवा आणि खेळी शोधा."

वस्तरा सवयीने थांबला.

घोरणंही थांबलं. सासऱ्यांनी डोळे उघडले नाहीत, मान उचलली नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "ब्रेक कशाला मारलात? चालवा."