उरलेल्यांची सरासरी

"आता जे सांगतो त्यावर तुमच्यातलं एक पोर विश्वास ठेवणार नाही," धोंडिराम परबने खडू वर धरला. "पण मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. आपल्या दहिसर नदीत एक बांगडा आला होता. त्याचा पाव भाग नदीत मावला. उरलेल्याचा दोन तृतीयांश पुलावर आडवा पडला. आणि बाकी राहिलेलं नऊ फूट शेपूट चेक नाक्यावर, ट्रकवाल्यांचा रस्ता अडवून. बोला, बांगडा किती फुटांचा?"

सिद्धेशचा हात पहिला वर. "एकशे आठ!"

"एकशे आठ? अरे, खोटं बोलावं, पण मापात! पाव आणि दोन तृतीयांशची सरळ बेरीज मारलीस ना? दोन तृतीयांश कशाचा म्हणालो मी?"

"उरलेल्याचा," हर्षद म्हणाला.

"मग? त्या शब्दाखाली रेघ ओढ. परीक्षेत सगळी पोरं तिथंच मरतात."

"छत्तीस, सर," कोपऱ्यातून भाविका म्हणाली. "पण बांगडा वीतभराच्या वर जात नाही. मी कोळ्यांची आहे."

खोली हसली. धोंडिराम सगळ्यात मोठ्यांदा हसला.

बोरिवलीच्या एका शाळेत कारकुनी करून निवृत्त झाल्यापासून तो दहिसरच्या चाळीतल्या ह्या एका खोलीत मुलांकडून बँकेच्या आणि पोलीस भरतीच्या परीक्षांची गणितं करून घ्यायचा. पुस्तकातली टाकी दोन नळ भरायचे. धोंडिरामच्या टाकीत मगर असायची आणि ती तासाला एक अष्टमांश पाणी प्यायची. पोरं थापा ऐकायला यायची आणि अपूर्णांक शिकून जायची. पडद्यामागे स्वयंपाकाचा ओटा होता. तिथं त्याची बायको कृष्णाबाई विळीवर मासे साफ करता करता सगळं ऐकायची. कधी शब्द बोलायची नाही.

एक गणित मात्र तो दरवर्षी घालायचा, आणि त्यात थाप आहे हे चाळीतल्या पोरांना ठाऊक असूनही त्यावर कुणी हसायचं नाही.

"लिहून घ्या," तो आज म्हणाला. "एका घरात तीन माणसं. बाप सत्तर, आई पासष्ट, मुलगा मिहिर तीस. सरासरी वय काढा. पर्याय चार." ते त्याने फळ्यावर एकाखाली एक लिहिले: पन्नास, पंचावन्न, साठ, पासष्ट.

सिद्धेश आणि हर्षदने माना खाली घातल्या.

लग्नानंतर फार उशिरा झालेला मिहिर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. कृष्णाबाई तेव्हा तापाने दुसऱ्या इस्पितळात होती. पोराला घरी आणू दिलं नाही. धोंडिराम एकटाच स्मशानात गेला, लांबून हात जोडून परत आला. ती घरी आल्यावर त्याने तिला सांगितलं, एकदाच. तिने "हातपाय धुवून घ्या" एवढंच म्हटलं आणि जेवायला तीन ताटं मांडली.

त्या तिसऱ्या ताटाकडे बघून धोंडिराम घाबरला. बाईच्या मनात हे शिरलंच नाही, असं त्याने ठरवलं. शिरलं तर ती जगायची नाही, हेही त्यानेच ठरवलं. मग पुढच्या बॅचला त्याने हे गणित घातलं, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात. दरवर्षी तो तिघांच्याही वयात एक मिळवायचा. सरासरी एकने वाढायची, उत्तर बिनचूक यायचं आणि पडद्यामागची विळी चालू राहायची. ती चालू आहे तोवर घर चालू आहे, असा त्याचा हिशेब. ती थांबू नये, एवढंच त्याला हवं होतं.

"पंचावन्न," भाविका म्हणाली. ती महिन्यापूर्वीच गोराईहून मावशीकडे राहायला आली होती. "हे तुमच्याच घरचं ना, सर? मिहिर कोण? मी तर कधी बघितलं नाही त्याला."

सिद्धेशने तिला कोपर मारलं. "चूप ना, यार."

"काय झालं? विचारलं फक्त."

"विचारू दे रे तिला," धोंडिराम म्हणाला. विळी चालू होती. "मिहिर बोटीवर आहे. बोट कसली, तालुकाच! पुढच्या टोकाला नाश्ता होतो तेव्हा मागच्या टोकाला रात्रीची जेवणं उरकतात. भाताचं पातेलं ढवळायला आचारी होडी घेऊन पातेल्यात उतरतो. गेल्या खेपेला एक होडी भातातच बुडाली. माणूस वाचला, पण तीन दिवस..."

कुणीच हसत नव्हतं.

"माझा बाबापण दर्यावर जातो," भाविका म्हणाली. तिच्या आवाजात खोडी नव्हती, नुसती शंका होती. "रेंज आली की आधी आईला फोन करतो. मिहिरदादाचा फोन येत असेल ना? काकींना?"

धोंडिरामने तोंड उघडलं. नदीत बांगडा घालणाऱ्या, टाकीत मगर सोडणाऱ्या माणसाला एका फोनची थाप जुळेना. "येतो की," तो म्हणाला. "म्हणजे... तिकडची वेळ आपल्यापेक्षा... मधे तो..."

विळी थांबली.

पडदा बाजूला झाला. कृष्णाबाई बाहेर आली. हातांना खवलं चिकटलेली होती, म्हणून तिने ते कोपरापासून वर धरले होते. वर्ग चालू असताना ती कधी पडद्याबाहेर आली नव्हती.

"अगो, खोटा सांगतत हे," ती म्हणाली. आवाज रोजचाच, मीठ संपलंय सांगतानाचा. "आमचो मिहिर गेलो. कोरोनात गेलो तो."

"कृष्णे..."

"बस झाला आता. किती वाढवशात त्येका?" मग ती भाविकाकडे वळली. "त्येचे तीस काढ बाय. आणि तिनान नको भागू. दोनान भाग."

भाविकाची पेन्सिल वहीवर तशीच टेकून राहिली. तिने सिद्धेशकडे पाहिलं, त्याने मान हलवली. मग तिने तीस वजा केले, दोनाने भागलं आणि उत्तर वहीतच ठेवलं.

"सांग," धोंडिराम फळ्याकडे तोंड करून म्हणाला. "मोठ्याने."

"साडेसदुसष्ट, सर. पण ते पर्यायांत नाहीये."

"बरोबर आहे तुझं," धोंडिराम म्हणाला. चारही पर्याय त्याने तळहाताने पुसले, आणि तो पांढरा हात घेऊन कृष्णाबाईच्या हातावर पाणी घालायला आत गेला.