गिरणी चालू, मशीन बंद

महाराजांनी ओल्या पायांनी लोखंडी शिडीवर पाऊल ठेवलं, तेव्हा वळणावर तीनेकशे माणसं उभी होती आणि एकही मूल रडत नव्हतं. शिडी खांबाला टेकलेली, खांबावर अकरा हजार व्होल्टची उघडी तार. अर्ध्यावर जाऊन ते थांबले, मागे वळले आणि म्हणाले, "गिरणी ऐका."

सगळ्यांनी कान टवकारले. जरा अंतरावर, झाडांपलीकडे, पिठाची गिरणी घरघरत होती. म्हणजे वीज चालू. मग महाराज वर पोहोचले. वीज ही आपली मानलेली बहीण आहे आणि ती भावाला चावत नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि उजव्या हाताने तार धरली.

काही झालं नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. महाराज तार धरून हसत राहिले. माझ्या शेजारच्या बाईने माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली.

खाली उतरल्यावर त्यांनी तांब्याच्या अंगठ्या वाटल्या. ही घातली की वीज तुम्हाला ओळखेल, मात्र श्रद्धा कमी पडली आणि काही बरंवाईट झालं तर दोष अंगठीचा नाही, असंही सांगितलं. अशी हमी मी मीटरबरोबर दिली असती, तर लोकांनी मला मीटरसकट परत पाठवलं असतं.

मी आमच्या वीज सहकारी संस्थेत मीटर तपासते. इतक्या लांब, इतक्या थोड्या घरांसाठी तारा ओढायला कोणी तयार नव्हतं, म्हणून आमच्या आधीच्या पिढीने स्वतः खड्डे खणले, खांब उभे केले आणि संस्था काढली. इथे ग्राहक नाहीत, सभासद आहेत. एका घराला एक मत. गिरणीवाल्याला एक आणि मोळी विकणाऱ्यालाही एकच.

मीटरखेरीज माझ्याकडे लाइनमनचे रबरी हातमोजे असतात. दर सहा महिन्यांनी ते पाण्याने भरून टाकीत टांगायचे आणि वरून दाब द्यायचा, व्होल्टचा. टाचणीएवढं भोक निघालं तरी मी तो मोजा कात्रीने उभा चिरते, म्हणजे "अजून चालेल की" म्हणून कोणी उचलून नेणार नाही. हे मोजे घालून खांबावर चढणाऱ्या तिघांपैकी एक माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे खार म्हणतात.

रविवारी वार्षिक सभा होती आणि तिच्यापुढे एक ठराव येणार होता. यापुढे दुरुस्तीसाठी वीज बंद करायची नाही, लाइनमननी महाराजांची अंगठी घालून चालू तारेवरच काम करावं. मांडणार गिरणीवाला. तो संचालक मंडळावर होता, महाराजांना त्यानेच आणलं होतं, आणि ठराव मंजूर झाला की संस्थेच्या आवारातली मोकळी खोली महाराजांना मठासाठी द्यायची असंही ठरत आलं होतं. वीज गेलेली कोणालाच आवडत नाही. कोंबड्यांची पिल्लं गारठतात, डेअरीतलं दूध नासतं, दळण अडतं. ठराव पास होणार हे मला दिसत होतं.

खारच्या बोटात अंगठी होती. मी त्याला घरी विचारलं. आधी तो हसण्यावारी न्यायला बघत होता. मग त्याने सांगितलं की गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांदेखत जोडीदार लाइनमनचा हात भाजला, तेव्हापासून वर चढताना त्याची बोटं थरथरायची. "अंगठी घातल्यापासून थरथरत नाहीत, ताई."

"आणि मोजे?"

"गाडीत असतात." म्हणजे वर चढतानाही ते गाडीतच राहत होते. भीती गेली की काळजीही तिच्याबरोबर जाते. त्या रात्री मी जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन तक्रारवही उघडली. घाबरलं की मी नोंदी वाचते, ही माझी जुनी खोड आहे.

वहीत वळणावरच्या शिलाईवाल्या मावशींच्या तीन तक्रारी होत्या. तिन्हींत एकच मजकूर: दुपारी मशीन अचानक बंद पडलं, वीस मिनिटांनी आपोआप सुरू झालं. महाराजांनी आजवर तीनदा तार धरली होती, तारखा त्याच दिवसांच्या होत्या.

मी त्यांच्याकडे गेले. त्या काज करत बसल्या होत्या. कोणी तक्रार पाहायला आलंय याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. बाकीच्यांनी त्यांना केव्हाच समजूत घातली होती की महाराज तार धरतात तेव्हा सगळी वीज त्यांच्या अंगात जाते, म्हणून जवळच्या घराला उरत नाही.

"मी म्हटलं, मग पोटभर खाऊन झाल्यावर माझी वीस मिनिटं परत द्या म्हणावं," मावशी म्हणाल्या. "गिऱ्हाईक मला शिव्या देतं, त्यांना नाही."

गिरणी चालू होती आणि मावशींचं मशीन बंद होतं. एवढं कळल्यावर बाकीचं समजायला मला फार वेळ लागला नाही, लाज मात्र खूप वाटली. कारण उत्तर आम्हीच, सभासदांनीच, सात वर्षांपूर्वी उभं केलं होतं.

पूर्वी एका ठिकाणी तार तुटली की पुढची सगळी घरं अंधारात जायची. म्हणून आम्ही श्रमदानाने डेअरीकडून दुसरी लाइन ओढली आणि वळणावर जुन्या लाइनला भिडवली. मधल्या पाच खांबांच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना खटके बसवले, म्हणजे या पट्ट्याला इकडून किंवा तिकडून वीज देता येईल. डेअरीकडचा खटका एरवी बंदच असतो. गिरणीशेजारचा खटका ओढला की हा पट्टा मरतो. पण गिरणी त्या खटक्याच्या अलीकडे, वीज येते त्या बाजूला असल्याने चालूच राहते, सगळं गावही चालू राहतं. पट्ट्यावर घर एकच, मावशींचं. बाकी शेतातले पंप, ते दुपारी बंदच.

आमच्या डोक्यात मात्र जुनीच लाइन राहिली होती. गिरणी चालू म्हणजे सगळं चालू, हे आम्ही लहानपणी शिकलो आणि स्वतःच्या हाताने नवे खड्डे खणूनही विसरलो नाही. महाराज मेलेली तार धरत होते. मेलेली तार कोणीही धरू शकतं.

गिरणीशेजारच्या खटक्याला कुलूप असतं. त्याची एक किल्ली कचेरीत, दुसरी आग वगैरे लागली तर म्हणून गिरणीत. मी जाऊन पाहिलं. कचेरीतली किल्ली लावली, तर एरवी क्वचितच उघडणारं ते कुलूप नुकतंच तेल घातल्यासारखं सुळकन उघडलं.

रविवारी सभा वळणावरच भरवली होती, आधी चमत्कार आणि मग मतदान. मी सकाळीच अध्यक्षबाईंकडे गेले आणि कागदावर आकृती काढून दाखवली. त्या निवृत्त परिचारिका, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आकृतीवर दोनदा बोट फिरवलं आणि चपला घातल्या. खटका जोडलेला आहे हे आम्ही दोघींनी पाहिलं, त्यावर माझं स्वतःचं कुलूप लावलं आणि माझ्या नावाची पाटी टांगली. संस्थेचा नियम आहे: ज्याची पाटी, त्यानेच काढायची. मग मी मावशींना सांगितलं की आज काही झालं तरी मशीन थांबवू नका.

महाराज आले, पाय धुतले, शिडीपाशी गेले. गिरणी घरघरत होती. आणि ओट्यावर मावशी पडद्याला शिलाई मारत होत्या, मशीन खडखडत होतं. ते महाराजांना ऐकू आलं. त्यांचा पाय पहिल्या पायरीवर होता, तो तिथेच राहिला.

मी शिडी आणि खांबामध्ये जाऊन उभी राहिले. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, माझा आवाज पातळ आहे. तरी मी म्हटलं, "आज तार जिवंत आहे. म्हणून मी तुम्हाला वर जाऊ देणार नाही."

महाराज म्हणाले की संशयी बाईची सावली पडल्यामुळे बहीण रुसली आहे. मी खारला लांब काठी आणायला सांगितली. ही काठी आमच्याकडे कायम असते, तिच्या टोकाचं यंत्र जिवंत तारेजवळ नेलं की वाजतं. आधीच्या तिन्ही वेळी ती आणायचं कोणीतरी सुचवलं होतं, तेव्हा यंत्र लावणं म्हणजे अपमान, असं महाराज म्हणाले होते आणि आम्ही मान डोलावली होती. खारने गुमान मोजे चढवले, काठी उंच केली. ती इतकी कर्कश वाजली की पुढच्या रांगेतली माणसं मागे सरली.

मग मी पाच खांब, दोन खटके आणि एक शिलाई मशीन एवढंच सांगितलं. अध्यक्षबाईंनी गिरणीवाल्याला विचारलं की दुसरी किल्ली कुठे आहे.  तो म्हणाला की दळण अडलं की लोक मलाच बोलतात, मी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

"वर मी असलो असतो," खार म्हणाला. तो मोठ्याने बोलला नाही. "येत्या मंगळवारी, दुरुस्तीला. मोजे न घालता. तेव्हा खटका कोणी ओढला असता?"

 महाराज तेवढ्यात ओल्या पायांनीच रस्त्याला लागले होते.

मतदान झालं. ठराव पडला, पण एकोणीस हात त्याच्या बाजूने वर गेलेच. त्या एकोणीस घरांशी माझं भांडण नाही, मात्र त्यांना मी सोडणारही नाही. आकृती घेऊन दर आठवड्याला एका घरी जाते आहे. काही जण दार उघडत नाहीत, मी पुन्हा जाते. मी त्यांना सांगते की महाराजांवर विश्वास ठेवू नका आणि माझ्यावरही ठेवू नका. खटक्यापाशी चला, हँडल कुठे आहे ते बघा, तार कुठून कुठे जाते ती बोटाने दाखवा. ज्या तारेचे आपण मालक आहोत ती कुठे तुटते हे आपल्याला ठाऊक नसेल, तर कोणीही शिडी लावून तिचा देव होईल.

सभेनंतरच्या मंगळवारी दुरुस्तीसाठी वीज बंद केली. सगळी लाइन, गिरणीसकट. तासाभराने फोन वाजला. गिरणीवालाच होता. किती वेळ लागेल, त्याने विचारलं.

"वर माणूस आहे," मी म्हटलं. "तो खाली उतरेपर्यंत."