काटा रेघेच्या पुढे होता

मी एक जुना ताणकाटा आहे, मित्रांनो. वर कडी, खाली हूक, पोटात स्प्रिंग आणि काचेआड एक बारीक काटा, एवढाच माझा देह. हुकाला जे अडकवाल त्याचे वजन मी सांगतो. ते हवे की नको, याच्याशी मला देणेघेणे नाही.

एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. तिथून मला कोट शिवणाऱ्या एका शिंप्याने आणले. लोकरी कापडाचे गठ्ठे माझ्यावर टांगून तो गिऱ्हाइकांना म्हणायचा, "माणसाची जीभ घसरेल, पण हा काटा घसरायचा नाही." ते ऐकून माझी छाती फुगत असे. शिंपी स्वतःही तसाच होता. चहात साखर घालतानाही तो चमचा बोटाने सपाट करायचा. बायको त्याला लाडाने 'काटेकोर' म्हणायची. रागावली की काय म्हणायची, ते मी सांगणार नाही.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले आणि मी दारामागच्या खिळ्यावर गेलो. माझ्या हुकाला ओली छत्री टांगली जाऊ लागली. मी छत्रीचेही वजन दाखवत असे, पण बघणारे कोणी नव्हते. मला गंज चढला.

एके दिवशी शिंप्याच्या मुलीने त्याला परदेशाचे तिकीट काढून दिले. "शनिवार-रविवार लांब्याकाकांकडे जाऊन या. बॅगेचं वजन तेवढं सांभाळा हं, बाबा!" लांब्या मूळचा त्या परक्या शहरातला. तरुणपणी तो काम शिकायला इकडे आला होता. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली, एकाच टेबलावर घडले. लांब्या परत निघाला तेव्हा उस्तादाने आपली जाड बुडाची इस्त्री त्याला दिली. शिंप्याचाही तिच्यावर डोळा होता, पण तो कधी बोलला नाही.

शिंप्याने मला तेल दिले, माझ्या काचेवर विमानाच्या नियमाची लाल रेघ ओढली आणि मला कोटाच्या खिशात घातले.

लांब्याचे दुकान खाली आणि घर वर होते. मधला जिना इतका अरुंद, की दोघांना गळाभेट दुकानातच उरकावी लागली. लांब्याच्या उजव्या हाताला पट्टी होती.

"भाऊजी, तुम्हीच सांगा यांना," त्याची बायको म्हणाली. "हात कापतो यांचा. आधी गिऱ्हाइकाचा कोट जाळला, मग स्वतःचा तळवा. ती इस्त्री घरात आहे तोवर हे ऐकायचे नाहीत."

"भंगारात टाकायची नाही ती," लांब्या म्हणाला. मग शिंप्याकडे न बघता पुटपुटला, "तू नेशील का?"

शिंप्याला किती आनंद झाला, ते खिशातून मला कळले. त्याचे काळीज धडधडत होते. पण तोंडाने तो म्हणाला, "बघू. वजनात बसली तर."

लांब्याचा चेहरा पडला. पुढे रविवार दुपारपर्यंत त्याने मित्राला नदीवरचा पूल दाखवला, घड्याळाचा मनोरा दाखवला, पण इस्त्रीचे नाव काढले नाही. बाजारात शिंप्याने मला बाहेर काढून संत्र्यांची पिशवी टांगली, तेव्हा मात्र तो वैतागला. "अरे, माझ्या गावात तरी माझी अब्रू ठेव!" संत्री वजनाला बरोबर भरली. शिंप्याला जरा वाईटच वाटले.

रविवारी दुपारी दुकानात बॅग भरली गेली. तळाशी इस्त्री, टॉवेलात गुंडाळलेली. शिंप्याने बॅग माझ्यावर टांगली. काटा रेघेच्या बराच पुढे गेला. त्याने जादा बूट काढले. दोन कोट एकावर एक अंगात चढवले. लांब्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, शिंप्याच्या मुलीसाठी दिलेले कप स्वतःच परत घेतले. पुन्हा बॅग टांगली. काटा अजूनही रेघेच्या पुढेच होता, थोडा का होईना.

"राहू दे," लांब्या म्हणाला. "नियम तो नियम." आणि इस्त्री काढायला त्याने पट्टीचा हात बॅगेत घातला. तो हात थरथरत होता.

शिंप्याने त्या हाताकडे पाहिले. चष्मा कपाळावर सारला, माझ्या काचेवर नजर टाकली आणि म्हणाला, "बसली."

लांब्याने मान खाली करून पाहिले. त्याला सगळे स्वच्छ दिसत होते. "बसली की!" तो म्हणाला. वहिनीही वाकल्या. "अगदी रेघेवर आहे, भाऊजी."

शिंप्याने मला लांब्याच्या हातात दिले. "याला इथेच ठेव. हा विमानतळावर खरं बोलायचा."

विमानतळावर काय झाले, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला. "ऐक," शिंपी म्हणाला आणि पलीकडे लाकडी टेबलावर काहीतरी जड टेकल्याचा आवाज झाला. लांब्याने तो आवाज ओळखला. फोन कानाला धरून तो रडला. मग उठून त्याने दुकानावरची पाटी उतरवली.

आता मी त्या बंद दुकानात भिंतीवर असतो. वहिनी मला अधूनमधून पुसतात. मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला कोरडा ठेवा, त्याच्या हुकाला छत्र्या टांगू नका, म्हणजे तो म्हातारपणीही खरेच सांगेल. मीही त्या दुपारी खरेच सांगितले होते. तिघांनीही मला चुकीचे वाचले आणि त्याचा मला अजून राग आलेला नाही.