बाहीचा वास

डेअरीत मला सगळे 'नाक' म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठीमागे नाक. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत मी दूध उतरवायच्या धक्क्यावर उभी असते. कॅन आला की झाकण उचलायचं, तोंडाशी वाकायचं, एक श्वास घ्यायचा आणि सांगायचं, घ्या किंवा परत. तपासणीची यंत्रं नंतर, आधी माझं नाक. कॅन नीट धुतला नाही, दूध फार वेळ उन्हात राहिलं, गोठ्यात ओला चारा पडलाय, हे मला एका श्वासात कळतं. बारा वर्षांत माझा 'परत' कुणी फिरवला नव्हता. त्यामुळे डोक्यात हवा गेली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

नवं वॉशिंग मशीन आणि माझे सासरे एकाच महिन्यात आमच्या घरी आले. सासूबाई गेल्यावर बाबा एकटे राहायला नकोत म्हणून नवरा त्यांना घेऊन आला, आणि कपडे वाढणार म्हणून मी मशीन घेतलं. समोर काचेचं गोल दार, पाणी कमी, वीज कमी. दुकानात त्याच्यासमोर मी अर्धा तास उभी होते. नवरा म्हणाला, "लग्नाच्या वेळी मला एवढं निरखून बघितलं नव्हतंस."

पाच-सहा महिने गेले आणि कपड्यांना वास यायला लागला. फार नाही, पण माझ्यापासून लपून राहतोय थोडाच. ओलं फडकं कोपऱ्यात विसरावं तसा कुबट वास. टॉवेलला जास्त, उशीच्या अभ्र्याला त्याहून जास्त. मी कपाट रिकामं केलं, गाद्या उन्हात टाकल्या, भिंतींना ओल आलीय का पाहिलं. मशीनवर संशय घ्यायचं माझ्या मनात आलं नाही, कारण मशीन मी आणलं होतं. बाबांना मी आणलं नव्हतं.

हे लिहिताना लाज वाटते, पण हिशोब इतकाच सरळ होता.

बाबा शिंपी. पंचेचाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. कापडाला हात लावण्याआधी अजूनही हात धुतात, पुसतात, आणि मग पंख्याखाली क्षणभर धरतात. त्यांच्या शर्टाची कॉलर मी कधी मळलेली पाहिली नाही. एवढं डोळ्यांना दिसत असून मी नाकावर भरवसा ठेवला, आणि नाकसुद्धा त्यांच्या जवळ नेलं नाही. नुसता तर्क लढवला.

मशीनच्या दाराचंही सांगायला हवं. कपडे काढून झाले की बाबा ते दार उघडं ठेवायचे. मी जाता-येता गुडघ्याने ढकलून बंद करायचे. उघडं दार मला बघवत नाही, एक. आणि आमची चिमणी, म्हणजे माझी सहा वर्षांची मुलगी, बाहुली आत घालून खेळते, हे दुसरं. एकदा बाबा म्हणाले, "जरा उघडं राहू दे गं. आत ओल असते. ओलं कापड आम्ही कधी पेटीत बंद करत नव्हतो."

"बाबा, ही पेटी नाहीये," मी म्हणाले. "नवीन वस्तू जुन्या पद्धतीने वापरायच्या नसतात."

ते हसले. त्यानंतर त्यांनी दाराला हात लावला नाही.

मग एका संध्याकाळी मी झाकणाची बास्केट त्यांच्या खोलीत नेऊन ठेवली. शब्द मी डेअरीतून येताना बसमध्येच जुळवले होते.

"बाबा, यापुढे तुमचे कपडे यात टाकत जा. वेगळे धुऊ."

"का गं?"

"वय झालं की अंगाला वास येतो माणसाच्या. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण तो बाकीच्यांच्या कपड्यांना लागतो."

नर्स इंजेक्शन देताना बोलते तशा गोड आवाजात मी हे बोलले. बाबांनी आपल्या बाहीकडे पाहिलं, मग बास्केटकडे.

"बरं," ते म्हणाले.

ती बास्केट मात्र रिकामीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून बाबा स्वतःचे कपडे बादलीत धुवायला लागले. गॅलरीच्या अगदी टोकाला, आमच्या कपड्यांपासून हातभर अंतर सोडून वाळत घालायचे. दिवसातून दोनदा आंघोळ, उन्हाळ्यात तीनदा. सोफा सोडून लाकडी खुर्चीत बसायला लागले. चिमणी मांडीवर चढायला गेली की म्हणायचे, "आत्ता नको, मी घामेजलोय." तिच्यासाठी पिवळ्या कापडाचा फ्रॉक शिवायला घेतला होता. एक बाही लावून झाली होती, दुसरी नुसती बेतून ठेवलेली. तो फ्रॉक त्यांनी पिशवीत घालून कपाटावर ठेवून दिला. चिमणीने विचारलं तर म्हणाले, डोळे दुखतात.

हे सगळं मी पाहत होते. आणि मला काय वाटलं? समजूतदार माणूस आहे, एवढंच वाटलं.

वास काही गेला नाही. मी पावडर वाढवली. कंडिशनरचं एक झाकण घालायचे ते दोन घालायला लागले. वास तरीही हटेना तेव्हा ठरवलं, तो सोफ्यात मुरलाय. सोफ्याची कव्हरं काढली आणि मशीनमध्ये टाकली. जिथे वास होता तिथेच मी वास धुवायला पाठवत होते.

चार महिने असे गेले. मग बाबांनी जेवताना सांगितलं की ते ताईंकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, राहायला जाणार आहेत. येत्या रविवारी.

"किती दिवसांसाठी?" नवऱ्याने विचारलं.

"बघू. तिलाही सोबत होईल."

ताईंचं घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. सोबतीची तिथे टंचाई नव्हती. रात्री नवऱ्याने मला विचारलं, "तू काही बोललीस का त्यांना?"

"मी काय बोलणार?" मी म्हणाले.

त्याच आठवड्यात डेअरीचं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं आणि आम्हाला आपापले एप्रन घरी धुऊन आणायला सांगितलं. मी सोमवारी धुतलेला एप्रन घालून धक्क्यावर उभी राहिले. पहिला टेम्पो आला. पहिल्या कॅनवर वाकले आणि मागे झाले. कुबट. परत. दुसरा कॅन, तसाच. तिसराही.

टेम्पोवाला शांत माणूस, माझ्याशी कधी हुज्जत घालत नाही. तो म्हणाला, "मॅडम, हे तीन गोठ्यांचं दूध आहे. तिन्हींना एकच वास कसा येईल?"

"ते तुम्ही गोठेवाल्यांना विचारा."

त्याने आत जाऊन साहेबांना आणलं. साहेबांनी तिन्ही कॅनचा वास घेतला. मग पुन्हा घेतला. मग माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, हात मागे घ्या जरा. दोन्ही हात पाठीमागे. आता वाका."

मी वाकले. दुधाचा वास होता. ताज्या, चांगल्या दुधाचा.

"तुम्ही झाकण धरता ना, तेव्हा बाही नाकाशी येते," साहेब म्हणाले. "वास बाहीला आहे. होतं असं कधीकधी."

टेम्पोवाला दुसरीकडे बघत टेम्पोची फळी ठाकठीक करत होता. हसला असता तर बरं झालं असतं.

मी तिथल्या तिथे एप्रन काढला आणि मला दरदरून घाम फुटला. साहेबांसमोर नाक कापलं गेलं म्हणून नाही. एप्रन कालच आमच्या मशीनमधून निघाला होता, आणि त्या मशीनमध्ये बाबांचा एकही कपडा चार महिन्यांत गेला नव्हता.

बुधवारी दुपारी मेकॅनिकला बोलावलं. बाबा चिमणीला शाळेतून आणायला गेले होते, मुद्दाम तीच वेळ मी दिली होती. मेकॅनिक गुडघे टेकून बसला, दाराभोवतीचं जाड रबर त्याने दोन बोटांनी ओढून उलटं केलं आणि म्हणाला, "या, बघा."

घडीच्या आत काळं मेण थापल्यासारखी बुरशी होती. त्यात केस, साबणाचा चिकट लगदा, आणि चिमणीच्या बाहुलीचा एक मोजा. खालचा छोटा फिल्टर उघडला तेव्हा जे पाणी आलं, त्याच्या वासाने मेकॅनिकनेही तोंड फिरवलं. तोच वास. आधी मी घरभर शोधलेला, आणि मग एका माणसाच्या अंगावर नेऊन ठेवलेला.

"पावडर किती टाकता?"

मी सांगितलं.

"एवढ्यात एखादं वसतिगृह धुऊन निघेल. हे मशीन पाणी कमी घेतं, त्यात एवढी पावडर विरघळत नाही, आतच साठते. वरून ते सुगंधी टाकता, ते आणखी चिकटतं. पावडर निम्म्याहून कमी करा. महिन्यातून एकदा रिकामं मशीन कडक गरम पाण्यावर चालवा. रबर रोज पुसा. आणि दार बंद ठेवता का?"

"हो."

"तेच तर. धुऊन झालं की उघडंच टाकायचं. आत हवा लागली पाहिजे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

हे दुसरं खोटं. पहिलं नवऱ्याशी बोलले होते.

तो गेल्यावर मी जुना टूथब्रश घेऊन ते रबर तासभर घासलं. रिकामं मशीन गरम पाण्यावर दोनदा चालवलं. बाहुलीचा मोजा कागदात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी घातला, जणू पुरावाच होता तो. गुरुवारी टॉवेल धुतले, शुक्रवारी चादरी. वास गेला होता. नवरा म्हणाला, "अरे वा, वास गेला वाटतं." मी म्हणाले, रबर खराब झालं होतं. तो म्हणाला, अच्छा, आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्याला दोन्ही गोष्टी जोडायच्या नव्हत्या, आणि मला जोडून द्यायच्या नव्हत्या.

मनात म्हटलं, बाबांच्या कानावर जाईलच. ते स्वतःच समजतील. मग मला काही बोलावं लागणार नाही. डेअरीत शंभर माणसांसमोर 'परत' म्हणणारी बाई मी, घरात एका म्हाताऱ्या माणसासमोर 'चुकलं' म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. उद्या सांगू, म्हणत दोन दिवस काढले. एक मन असंही म्हणत होतं की रविवारी ते जातीलच, मग सांगायची गरजच राहणार नाही. असं म्हणणारं मन माझंच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा गॅलरीतून आत आले. वाळलेल्या चादरी मी घडी करत होते. ते दोन पावलं लांब थांबले, हल्ली थांबायचे तसे.

"वास गेला ना गं आता?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मी माझे वेगळे धुतो ते बरंच झालं म्हणायचं," ते म्हणाले. "वेळ लागला, पण गेला."

त्यांच्या आवाजात बोच असती तर मी सुटले असते. नव्हती. त्यांना खरंच समाधान वाटत होतं. मी चादरीची घडी तशीच धरून उभी राहिले आणि ते आपल्या खोलीत गेले. त्या दिवशीही मी बोलले नाही.

शनिवारी दुपारी डेअरीतून आले ती चप्पल काढून सरळ त्यांच्या खोलीत गेले. पलंगावर बॅग उघडी होती. ते शर्टांच्या घड्या घालत होते, बाह्या मागे, कॉलर वर, दुकानात ठेवतात तशा. बाजूला ती पिशवी होती. तिच्यातून पिवळं कापड दिसत होतं.

"बाबा, तो वास तुमचा नव्हता."

त्यांनी वर पाहिलं.

"मशीनचा होता," मी म्हणाले. "आत बुरशी आली होती. मी दार बंद ठेवायचे म्हणून. तुम्ही मला सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही. बुधवारीच कळलं मला. बुधवारपासून सांगितलं नाही, तेही माझंच चुकलं. तुम्ही उद्या जाऊ नका."

एका दमात बोलले. आता ते चिडतील, निदान एक शब्द सुनावतील, याची वाट बघत उभी राहिले. सुनावला असता तर मी तो झेलला असता.

ते हातातला शर्ट घेऊन पलंगाच्या कडेवर बसले.

"म्हणजे मला वास येत नव्हता?"

"नाही, बाबा."

"आधीही नाही?"

"कधीच नाही."

"मी डॉक्टरांकडे गेलो होतो," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात. असा कुठला आजार असतो का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला काहीच झालेलं नाही. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतायत."

मला रडू आलं. ते आवरायचा प्रयत्न मी केला नाही. बाबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी आपली बाही नाकाशी नेली, हुंगली, आणि मान हलवली.

"माझं मला काही कळत नाही गं आता," ते म्हणाले. "तुझं नाक पक्कं आहे. एकदा बघून सांग."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि बाहीवर वाकले. चार महिन्यांत मी त्यांच्या इतकी जवळ आले नव्हते. साध्या वडीच्या साबणाचा वास होता, उन्हाचा, आणि थोडा इस्त्रीचा. माझ्या स्वतःच्या ओढणीपेक्षा स्वच्छ.

"काही नाही, बाबा," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी थोडा विचार केला. मग दुसरा हात पुढे केला.

"हाही बघ," ते म्हणाले.